बूड बघून घ्या: नावाजलेल्या कंपन्यांची भांडी आता कशी पारखायची

आमच्या घरात दुधाची दोन पातेली आहेत. दोन्ही दोन लिटरची, दोन्हींवर एकाच कंपनीचा शिक्का. एक सासूबाईंचं, त्यावर त्यांचं नाव आणि खाली ‘आखाजी १९८६’ (आखाजी म्हणजे आमची अक्षय्य तृतीया) असं ठोकून कोरलेलं. दुसरं मी तीन वर्षांपूर्वी घेतलं. मागच्या आखाजीला मांडणी घासायला काढली तेव्हा सहज म्हणून दोन्ही डिजिटल काट्यावर ठेवली. जुनं ६४० ग्रॅम भरलं, नवं ३९०. नव्याचं बूड मधोमध खाली फुगलंय, गॅसवर ठेवलं की डुगडुगतं आणि दूध हमखास एकाच बाजूला लागतं.

हे पातेलं घेताना मी फक्त नाव वाचलं होतं. सासूबाई सोबत होत्या. त्या दुकानातच म्हणाल्या होत्या, “नाव नको दखू, बूड दख.” मी हसण्यावारी नेलं.

यंदा पुतणीचं लग्न निघालं आणि आंदणाची भांडी घ्यायचं काम माझ्याकडे आलं. अमळनेर, मग जळगावचं फुले मार्केट, मग धुळ्याचा आग्रा रोड, अशी तीन बाजारांची पायपीट झाली. त्या फेऱ्यांत जे शिकले ते क्रमानं सांगते.

नाव तेच, माल वेगळा. हे होतं कसं?

पहिलं कारण धातूचं. चांगल्या स्टीलला आपण ‘१८/८’ किंवा ३०४ म्हणतो, म्हणजे साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल. यातलं निकेल महाग. मे २००७ मध्ये लंडनच्या धातुबाजारात ते टनाला ५० हजार डॉलरच्याही वर गेलं होतं. निकेल कमी करून त्याजागी मँगनीज घालायचं, हा त्यावरचा उपाय कारखानदारांना आधीपासून ठाऊक होता. या स्टीलला २०० सिरीज म्हणतात. दिसायला तेच, चमक तीच, पण खारट-आंबट पदार्थांपुढे आणि गंजापुढे त्याची ताकद कमी. आज साध्या भांड्यांमध्ये हे स्टील सर्रास असतं. ते विष नव्हे, रोजच्या ताटवाटीला चालतंही. फक्त ३०४ च्या भावानं ते गळ्यात पडू नये.

दुसरं कारण डब्याच्या मागच्या बारीक अक्षरांत असतं. पुढं मोठं नाव, मागं ‘निर्माता’ म्हणून तिसऱ्याच गावच्या कारखान्याचं नाव, आणि ज्याचं नाव आपण वाचून घेतलं ती कंपनी फक्त ‘विपणन’ या शब्दापुढे. हे बेकायदा अजिबात नाही. पॅकबंद मालावर निर्मात्याचं किंवा आयातदाराचं नाव-पत्ता, महिना-वर्ष, कमाल किंमत, तक्रारीसाठी संपर्क छापणं कायद्यानं बंधनकारकच आहे, म्हणून तर आपल्याला ते कळतं. पण एकाच नावाखाली चार कारखान्यांचा माल असेल, तर आत्याच्या घरी वीस वर्षं टिकलेल्या नगावरून आपला नग कसा निघेल हे सांगता येत नाही.

परदेशातही हेच. पायरेक्स हे नाव १९१५ पासून बोरोसिलिकेट काचेसाठी, म्हणजे एकदम तापलं-गार झालं तरी सहसा न तडकणाऱ्या काचेसाठी प्रसिद्ध. अमेरिकेत विकलं जाणारं त्या नावाचं काचसामान आता मुख्यतः टफन केलेल्या सोडा-लाइम काचेचं असतं, युरोपात मात्र बोरोसिलिकेटचं. भांड्यावरचं नाव एक, काच दोन. आणि ‘आयुष्यभराची गॅरंटी’ म्हणणाऱ्यांचं काय? डब्यांसाठी घराघरांत पोचलेल्या टपरवेअरनं सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत दिवाळखोरीचा अर्ज केला. आयुष्यभर म्हणजे कोणाच्या, हे कार्डावर लिहिलेलं नसतं.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. ‘पूर्वीचं सगळंच मजबूत’ असं आपण म्हणतो, कारण पूर्वीचं जे कमजोर होतं ते कधीच मोडीत गेलंय. मांडणीवर उरलंय ते तेव्हाच्या चांगल्यातलं चांगलं. शिवाय तेव्हा एक पातेलं घ्यायचं म्हणजे महिन्याच्या खर्चात खळगा पडायचा. आपण मात्र सेलमध्ये निम्म्या किमतीत तीन नगांचा सेट घेतो आणि १९८६ च्या पातेल्याशी तुलना करतो.

निघण्याआधी घरी करायचं काम

जुनं, चांगलं टिकलेलं जे भांडं आहे त्याचं वजन, व्यास आणि उंची कागदावर लिहून घ्या. दुकानात ‘जड आहे का’ हे हातानं कळत नाही, कारण दहा भांडी उचलल्यावर हात थकतो आणि अकरावं जड वाटतं.

शेगडीच्या बर्नरचा घेर मोजा. लहान बर्नरवर मोठ्या बुडाची कढई ठेवली की मधेच जळते, दोष मात्र कढईला लागतो. इंडक्शन असेल तर एक लोहचुंबक पर्समध्ये टाका.

तिसरं काम सगळ्यात महत्त्वाचं, विशेषतः आपल्या खानदेशासाठी. मिक्सर, कुकर, गॅसशेगडी ज्या कंपनीची घ्यायची मनात आहे तिच्या ग्राहक क्रमांकावर आधीच फोन करा आणि आपला पिनकोड सांगा. “तुमचं अधिकृत सेवा केंद्र आमच्या गावाला आहे का, नसेल तर जवळचं कुठलं?” एवढंच विचारा. मी केला होता. एका नामांकित कंपनीनं अमळनेरसाठी नाशिक सांगितलं. शिरपूर, शहादा, नवापूरच्या बाईनं मिक्सरचं भांडं दुरुस्त करायला नाशिकला जायचं म्हणजे मिक्सरपेक्षा भाडंच जास्त. ज्या कंपनीचा माणूस धुळ्यात किंवा जळगावात बसतो, ती थोडी महाग पडली तरी मी तीच निवडेन.

स्टील: बोटांनी, काट्यानं आणि चुंबकानं

भांडं उलटं करा. बुडावर काय लिहिलंय ते आधी वाचा. ‘फूड ग्रेड’, ‘शुद्ध स्टील’, ‘प्रीमियम’ या शब्दांवरून कुठलं स्टील ते कळत नाही. ‘३०४’ किंवा ‘१८/८’ ठोकलेलं किंवा लेसरनं कोरलेलं असेल तर ते निदान एक ठोस विधान आहे, खोटं निघालं तर त्यावर बोट ठेवता येतं. नुसतं चिकटवलेल्या स्टिकरवर असेल तर बिलावरही ‘३०४’ लिहून मागा. दुकानदार लिहायला कांकू करू लागला तर त्यातच उत्तर मिळालं.

स्टीलच्या भांड्यांसाठी आयएस १४७५६ आणि अ‍ॅल्युमिनियमच्या भांड्यांसाठी आयएस १६६० ही भारतीय मानकं आहेत. मार्च २०२४ मध्ये केंद्रानं अशा भांड्यांसाठी आयएसआय चिन्हाचा गुणवत्ता नियंत्रण आदेशही काढला. चिन्ह नीट बघायचं तर त्याच्या वर मानकाचा क्रमांक आणि खाली ‘सीएम/एल’ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. नुसतं त्रिकोणी-चौकोनी चित्र आणि खाली क्रमांक नाही, असं दिसलं तर ते चिन्ह नव्हे, नक्षी समजा. मोबाइलवर भारतीय मानक ब्यूरोचं ‘बीआयएस केअर’ अ‍ॅप उघडून तो परवाना क्रमांक टाकला की परवाना कोणाच्या नावावर आहे, कुठल्या वस्तूसाठी आहे आणि चालू आहे की संपलाय, हे तिथंच दिसतं. फुले मार्केटात मी हे करत होते तेव्हा काउंटरवरचा मुलगा माझ्या खांद्यावरून बघायला आला. त्यानंही कधी टाकून बघितलेलं नव्हतं.

आता चुंबकाचं. ‘चुंबक चिकटलं नाही म्हणजे अस्सल स्टील’ हे आपल्याकडे पक्कं बसलंय. अर्धंच खरं आहे. ३०४ ला चुंबक चिकटत नाही हे बरोबर, पण स्वस्त २०० सिरीजलाही चिकटत नाही. म्हणजे चुंबकानं या दोघांतला फरक कळतच नाही. उलट ४३० या स्टीलला चुंबक घट्ट चिकटतं. त्यात निकेल जवळजवळ नसतं, क्रोमियम मात्र १६ ते १८ टक्के असतं, आणि इंडक्शनच्या भांड्याचा बाहेरचा थर मुद्दाम त्याचाच करतात. ३०४ च्या खोल दाबलेल्या कडेलाही कधी किंचित ओढ जाणवते. चुंबक फक्त इंडक्शनवर भांडं चालेल का एवढ्यासाठी वापरा.

खरा फरक बघायचा असेल तर भंगारवाल्याला विचारा. थट्टा नाही. मोडीत ३०४ ला वेगळा, चढा भाव मिळतो, म्हणून त्यांच्याकडे तपासायच्या औषधाची छोटी बाटली असते. घासलेल्या जागी थेंब टाकला की मँगनीजवालं स्टील तांबूस होतं. नवीन भांड्यावर कोणी हा थेंब टाकू देणार नाही, पण सेटमधली एक वाटी आधी घेऊन तपासून मग बाकीचा सेट घेता येतो. आम्ही तसंच केलं.

जाडी. दुकानात गेजमध्ये बोलतात आणि गेज उलटं चालतं. आकडा मोठा तितका पत्रा पातळ. २० गेज म्हणजे सुमारे ०.९१ मिलिमीटर, २२ म्हणजे ०.७१, २४ म्हणजे ०.५६. “ताई, चोवीस गेज आहे, भारी” असं कोणी म्हणालं तर गोड हसून बावीसचं दाखवायला सांगा. गेजचं माप हाताशी नसेल तर वजन पुरतं. स्टील घनसेंटीमीटरला साधारण ७.९ ग्रॅम भरतं. ३० सेंटीमीटर व्यासाचं सपाट ताट अर्ध्या मिलिमीटर पत्र्याचं असेल तर सुमारे २८० ग्रॅम, पाऊण मिलिमीटरचं असेल तर ४२०, काठाचं थोडं वर. हे एकदा समजलं की ‘जड गेज’ या स्टिकरची गरज उरत नाही. किलोनं सुटी भांडी विकणारी जुनी दुकानं अजून आहेत. तिथं काटा समोरच असतो, म्हणून मला ती आवडतात.

बूड सपाट आहे का ते काचेच्या काउंटरवर ठेवून, काठावर बोट दाबून बघा. डुगडुगलं तर ठेवून द्या. आत चमचाभर पाणी टाका. ते मधे थांबलं पाहिजे किंवा सारखं पसरलं पाहिजे. कडेला पळालं तर बूड आतून वर आलेलं आहे, त्यात फोडणी कधी नीट बसणार नाही.

तांब्याच्या बुडाची भांडी बघताना विचारा की तांबं मुलाम्याचं आहे की जोडलेलं. नुसता मुलामा सहा महिन्यांच्या घासणीनं जातो आणि उष्णता पसरवण्यात त्याचा उपयोग जवळजवळ नाहीच. थर दिलेल्या ट्रायप्लाय भांड्यात बाहेर आणि आत स्टील, मधे अ‍ॅल्युमिनियम असतं. त्यातही एक गंमत आहे. पूर्ण ट्रायप्लाय आणि फक्त बुडापुरतं ट्रायप्लाय, दोन्ही त्याच शब्दानं विकतात. पूर्ण असेल तर बऱ्याच भांड्यांच्या काठावर, कापलेल्या कडेत, मधली अ‍ॅल्युमिनियमची मंद रेघ दिसते. काठ गुंडाळलेला असेल तर ती लपते, मग बुडाजवळ बाहेरून बघा. चकती जोडल्याची पायरी बोटाला लागली की फक्त बूडच थराचं.

दांडे, कान: नुसत्या ठिपक्या-वेल्डिंगवर चिकटवलेला कान भरल्या पातेल्याच्या वजनानं सुटतो. रिपीट मारलेला दांडा बरा. कान धरून भांडं हलवा, कुरकुर आली तर नको.

कुकर: इथं काटकसर नको

कुकरात वाफेचा दाब सुमारे एक किलो प्रति चौरस सेंटीमीटर चढतो आणि पाणी साधारण १२१ अंशांवर उकळतं. घरात एवढं धोकादायक भांडं दुसरं नाही. म्हणून घरगुती कुकरला आयएस २३४७ प्रमाणे आयएसआय चिन्ह १ फेब्रुवारी २०२१ पासून सक्तीचं आहे. चिन्हाशिवाय विकणं गुन्हा आहे. तरी विकले जातात. ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं एका बड्या ऑनलाइन बाजाराला अशा २,२६५ कुकरांबद्दल एक लाखाचा दंड केला आणि गिऱ्हाइकांना कळवून कुकर परत घ्यायला, पैसे द्यायला सांगितलं.

माझा स्वतःचा किस्सा. पाच लिटरचा कुकर, घराघरांत माहीत असलेल्या नावाचा. चौदा महिन्यांत बूड फुगलं, झाकण बसताना अडू लागलं. सेवा केंद्रातल्या माणसानं बघताक्षणी सांगितलं, “कोरडा तापलाय, वॉरंटीत बसत नाही.” मी भांडले. मग घरी येऊन आठवलं की मुलानं एकदा पाणी न घालता फक्त डब्यात डाळ-तांदूळ लावले होते. चूक आमची होती. पण मग सासूबाईंचा कुकर तीनदा कोरडा तापूनही सरळ कसा, हा प्रश्न उरतोच. उत्तर परत वजनात. त्यांच्या कुकरचं नुसतं भांडं माझ्यापेक्षा पाव किलोनं जड आहे.

तेव्हा कुकर घेताना: झाकण तुमच्या हातानं पाच वेळा लावा-काढा. दुकानदाराच्या हातानं नाही, त्याला सवय असते. बुडाची जाडी डब्यावर मिलिमीटरमध्ये लिहिलेली असते का बघा. त्याच नावाच्या स्वस्त आणि महाग मालिकांचे डबे शेजारी ठेवून तो आकडा वाचा, फरक किमतीत नाही तर तिथं असतो. शिट्टी, रबर आणि सेफ्टी व्हॉल्व्ह सुटे मिळतात का ते त्याच दुकानात विचारा. कुकरच्या रबरालाही आयएस ७४६६ हे वेगळं मानक आहे. आठवडी बाजारात दहा-वीस रुपयांना मिळणारं ‘सगळ्या कंपन्यांना चालणारं’ रबर आणि त्याच्या शेजारी ठेवलेला बिननावाचा व्हॉल्व्ह घेऊ नका. व्हॉल्व्हमधला धातू ठरावीक तापमानाला वितळावा अशीच त्याची घडण असते. नकली व्हॉल्व्ह वितळला नाही तर वाफेला दुसरी वाट झाकणाचीच.

वापरताना एकूण माल दोन तृतीयांशापेक्षा वर नको, डाळ-तांदळासारखं फुगणारं असेल तर निम्म्यापेक्षा वर नको. रबर लिबलिबीत झालं, चिरलं, की बदला. वरण-बट्टीच्या दिवशी पंगतीची तूरडाळ गळ्यापर्यंत भरून शिट्टीतून बाहेर काढणारे आम्हीच, आणि नंतर कंपनीला शिव्या देणारेही आम्हीच.

तवा, कढई आणि नॉनस्टिक

खापर, म्हणजे मांडे भाजायचं मातीचं भांडं, घेताना आम्ही कुंभाराकडे कधी कंपनी विचारत नाही. उचलतो, टिचकी मारतो, आवाज खणखणीत आला की घेतो. बद्द आला की तडा. मांड्याचा एवढा मोठा विस्तार त्यावर पसरायचा असतो, म्हणून घेर आणि गुळगुळीतपणा हातानं बघतो. बिडाच्या तव्यालाही हेच लावा. टिचकीनं तडा कळतो, बाकी काही कळत नाही, पण तडाच तर बघायचा असतो. २६ सेंटीमीटरचा, चार मिलिमीटर जाडीचा बिडाचा तवा दांडा सोडून दीड किलोच्या आसपास भरायला हवा. दादर ज्वारीच्या, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीला असा तवा उत्तम. एकदा तापला की दुसरी भाकरी टाकल्यावर थंड पडत नाही.

‘आधीच तेल पाजलेला’ तवा असं लिहिलेलं असतं, त्यावर विसंबू नका. घरी आणून गरम पाण्यानं धुवा, लगेच कोरडा करा, अगदी पातळ तेल लावून धूर येईपर्यंत तापवा. असं तीन-चारदा. पहिले आठ दिवस त्यात चिंच-टोमॅटो नको.

नॉनस्टिकचं थोडक्यात. ते मंद ते मध्यम आचेचं भांडं आहे. त्यावरचा थर साधारण २६० अंशांच्या पुढं खराब व्हायला लागतो आणि रिकामा तवा मोठ्या आचेवर काही मिनिटांत तिथं पोचतो. म्हणून त्यावर भाकरी नको. पातळ पत्र्याचं नॉनस्टिक आधी वाकतं, मग थर सुटतो. नाव कितीही मोठं असो, बूड तीन मिलिमीटरच्या आत असेल तर मी घेत नाही. थर निघाला की भांडं बाद. दारावर ‘परत कोटिंग करून देतो’ म्हणून येणाऱ्यांना नको म्हणा.

अ‍ॅल्युमिनियमच्या कढईत तळण करा, आमटी-कढी ठेवू नका. पितळी भांडी असतील तर कल्हईवाल्याला समोर बसवून कल्हई करून घ्या आणि कथील शुद्ध आहे का विचारा, शिशाची भेसळ नको.

मिक्सर

खानदेशात मिक्सरचे हाल फार होतात. खोबरं आणि कांदा भाजून केलेलं शेवभाजीचं वाटण, कोरड्या मिरच्या, दाण्याचं कूट, तेही पंगतीच्या मापानं. मिक्सर फक्त ‘वॅट’ बघून घेतात. वॅट म्हणजे तो किती वीज खातो, किती काम करतो हे नव्हे. मोटरची गुंडाळी तांब्याची आहे का ते लेखी विचारा. भांड्याचं पातं हातानं फिरवा आणि आडवं हलवून बघा. खुळखुळलं तर बुश आताच ढिला आहे, दोन महिन्यांत तिथून काळं तेल झिरपेल. खालची दात्यांची चकती, म्हणजे कपलर, प्लास्टिकची असली तरी चालतं, कारण भांडं अडकलं तर मोटर जळण्याऐवजी चकती तुटावी. फक्त ती चकती गावात मिळाली पाहिजे. मिळते का ते दुकानदाराला नाही, दुरुस्तीवाल्याला विचारा. कुठल्या कंपनीचे मिक्सर त्याच्याकडे सगळ्यात जास्त येतात हेही विचारा, आणि त्यापुढचा प्रश्न विसरू नका: कुठल्यांचे सुटे भाग मिळत नाहीत म्हणून परत जातात?

वॉरंटी कार्ड काउंटरवरच वाचा. बहुतेकदा ‘पाच वर्षं’ फक्त मोटरवर, भांडी आणि पाती त्यात नसतात. मिक्सर बंद पडला तर खालचं लाल बटण दाबून बघा, जास्त भारानं ते आपोआप उडालेलं असतं. त्या बटणापायी आमच्या गल्लीतले दोन चांगले मिक्सर मोडीत गेलेत.

ऑनलाइन घेताना

उत्पादनाच्या फोटोंमध्ये बुडाचा फोटो, डब्याच्या मागच्या बाजूचा फोटो नसेल तर मी पुढं जात नाही. नावातलं एखादं अक्षर बदललेलं असतं, ते मोठं करून वाचा. विक्रेता कोण आहे ते बघा, बाजारपेठ नव्हे. वजन लिहिलेलं असतं ते डब्यासकट असू शकतं. डबा उघडतानाचा व्हिडिओ सलग, न कापता काढा, पार्सलवरच्या चिठ्ठीपासून सुरुवात करून. हे जास्तीचं वाटतं, पण परत करताना पहिला प्रश्न ‘पोचतानाच पोचा होता का’ हाच येतो.

आणल्यावर पहिले आठ दिवस

या आठ दिवसांत भांड्याला रोजचं काम द्या, शोकेसमध्ये ठेवू नका. आमचा आंदणाचा सेट तर मी लग्नाआधी वापरून बघितला, वहिनीला ते फारसं पटलं नाही. दूध तापवा, आंबट वरण करा, रात्रभर भिजत ठेवा. सकाळी पुसून बघा.

दोष नसलेल्या गोष्टी आधी ओळखा. बुडाला इंद्रधनुष्यासारखी निळी-तांबूस झाक आली तर ती उष्णतेची आहे. पांढरे डाग पडले तर ते बोअरच्या जड पाण्याचे क्षार. दोन्ही लिंबाच्या सालीनं नाहीतर व्हिनेगरनं जातात. पाण्यात मीठ उकळायच्या आधी टाकून तळाशी बसू दिलं तर टोचल्यासारखे बारीक खड्डे पडतात. तेही आपलंच काम. पण नुसतं पाणी ठेवून सांध्याशी, रिपीटांपाशी तपकिरी ठिपके आले, बूड वाकलं, कान हलला, झाकण बसेना झालं, तर तो दोष. फोटो काढा आणि आठ दिवसांच्या आतच दुकान गाठा.

बिघडलं तर

बिल जपा. थर्मल कागदाचं बिल जळगावच्या उन्हाळ्यात कपाटात ठेवूनही पांढरं पडतं, म्हणून घेतल्या दिवशीच त्याचा फोटो काढा. वॉरंटी कार्डावर दुकानाचा शिक्का, सही, तारीख. तिन्ही.

आधी दुकानदार, मग कंपनीला लेखी ईमेल. फोनवर झालेलं बोलणं हवेत जातं, त्यामुळे फोननंतरही ‘आज अमुक वाजता तुमच्या प्रतिनिधीनं असं सांगितलं’ एवढी दोन ओळींची ईमेल टाका. उत्तर नाही आलं तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक. मराठीतही बोलता येतं. बरीच प्रकरणं इथंच मिटतात, कारण तक्रार थेट कंपनीच्या ठरलेल्या माणसाकडे जाते.

तरी नाही मिटलं तर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. जळगाव, धुळे, नंदुरबार, तिन्ही ठिकाणी आहे. २०१९ च्या कायद्यानं एक मोठी सोय केली आहे. आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, कंपनीचं कार्यालय मुंबईत असो की चेन्नईत. पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या वस्तूला शुल्क नाही. मुदत दोन वर्षांची. ऑनलाइन दाखल करायला ई-जागृती हे पोर्टल १ जानेवारी २०२५ पासून सुरू आहे. वकील लागतोच असं नाही. दोन हजारांच्या कुकरसाठी एवढं कोण करतं, असं सगळे म्हणतात, आणि कंपन्यांनाही ते माहीत असतं. चिन्ह नसलेला कुकर विकताना दिसला तर मात्र बीआयएस केअरवरूनच तक्रार टाका, त्याला बिलही लागत नाही.

नाव कधी घालायचं

भांडी घेतली की तिथंच मशीननं नाव घालून घ्यायची आपली रीत. ती आठ दिवस थांबवा. नाव घातलेलं भांडं कुठलाच दुकानदार परत घेत नाही, आणि त्याचं चूक नाही. आठ दिवस नीट गेले की मग जा.

नाव घालतानाही एक तपासणी होऊन जाते. हातोडी-छिन्नीनं नाव ठोकणारा जुना माणूस अजून मिळाला तर त्याच्याकडूनच घाला. पत्रा पातळ असेल तर अक्षरं आतल्या बाजूनं उमटतात. माझ्या नव्या पातेल्यात आतून माझं नाव उलटं वाचता येतं, दूध तिथंच धरतं. सासूबाईंच्या पातेल्यात आत बोट फिरवलं तर काहीच लागत नाही.

पुतणीच्या भांड्यांवर आम्ही नाव आणि तारीख घातली. ठोकणाऱ्या काकांना मी म्हटलं, खाली बुडावर वजनही घाला, ‘६१५ ग्रॅम’. त्यांनी चष्मा वर केला, भांडं हातात तोललं आणि विचारलं, “ताई, हे कोणाला दाखवायचंय?” मी म्हटलं, तिच्या सुनेला.